पळणारा माणूस आणि टिकलेली भाषा

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत एका मारधाडीच्या चित्रपटाचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी ज्याविषयी लिहीत आहे तो ‘अपोकॅलिप्टो’ हा चित्रपट २००६ साली आला. दिग्दर्शक मेल गिब्सन. पटकथा गिब्सन आणि फरहाद सफिनिया या दोघांची. रक्तपात इतका, की हळव्या मनाच्या माणसाने तो पाहू नये असेच मी म्हणेन. तरीही तो येथे चर्चेला घेतो, याचे कारण भाषेचे आहे. या सव्वादोन तासांच्या चित्रपटात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पात्रे युकाटेक माया ही भाषा बोलतात. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात आजही घरोघरी ही भाषा चालते. जगाच्या बाजारात उतरलेल्या एका मोठ्या खर्चाच्या चित्रपटाने इंग्रजी बाजूला ठेवून अशी भाषा निवडावी, ही साहित्याच्या माणसाने लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे.

या लेखात आपण तीन गोष्टी क्रमाने पाहू. चित्रपटाची कथा कशी चालते. तिच्यातला इतिहास कितपत खरा आहे. आणि ज्या भाषेत ती सांगितली आहे त्या भाषेचे पुढे काय झाले. यातली तिसरी गोष्ट चित्रपटात नाही. पण माझ्या समजुतीप्रमाणे जिवंत राहण्याची खरी कथा तीच आहे.

आधी कथानक थोडक्यात सांगतो. जंगलातले एक लहान गाव आहे. जॅग्वार पॉ, म्हणजे जॅग्वारचा पंजा, हा तेथला तरुण शिकारी. पहिल्याच प्रसंगात तो आपल्या वडिलांबरोबर आणि सोबत्यांबरोबर टापिर नावाच्या जनावराची शिकार करतो. पळत्या जनावराला गाठायला वाटेत खिळ्यांचा सापळा लावलेला असतो. त्याच वेळी गाव उद्ध्वस्त झालेली, भेदरलेली परकी माणसे त्यांच्या रानातून पुढे जातात. वडील मुलाला बजावतात की भीती हा रोग आहे, तो घरी घेऊन येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पहाटे शहराकडून आलेले लोक गावावर धाड घालतात. जॅग्वार पॉ आपल्या गरोदर बायकोला आणि लहान मुलाला एका खोल खड्ड्यात उतरवतो आणि स्वतः पकडला जातो. वडिलांचा गळा त्याच्या डोळ्यांदेखत चिरला जातो. धरलेल्या माणसांना बांधून शहरात नेतात. बायका बाजारात विकल्या जातात, पुरुषांना निळा रंग फासून मंदिराच्या पायऱ्या चढवतात. पुढचा बळी त्याचाच, एवढ्यात सूर्याला ग्रहण लागते आणि तो वाचतो. तेथून पळून तो रानाच्या दिशेने धाव घेतो. पाठीवर शिकारी, पुढे जंगल, आणि तिकडे खड्ड्यात बायको आणि मूल. पाऊस लागतो तेव्हा त्या खड्ड्यात पाणी भरू लागते.

चित्रपटाचा उत्तरार्ध हा सगळा पाठलागच आहे. त्याची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. सुरुवातीला जॅग्वार पॉ केवळ पळतो. धबधब्यावरून उडी टाकून पलीकडे निघाल्यावर तो वळतो आणि पाठलाग करणाऱ्यांना ओरडून सांगतो की हे रान माझे आहे, माझ्या वडिलांनी येथे शिकार केली, माझी मुलेही करतील. त्या क्षणापासून बाजू फिरते. शहरातल्या माणसांपाशी शस्त्रे आणि संख्या आहे. त्याच्यापाशी ओळख आहे. विषारी बेडकाच्या अंगावरचे विष काट्यांना लावून तो फुंकणीसारख्या नळीतून मारतो. माश्यांचे मोहोळ शत्रूंवर फेकतो. आणि पाठलाग करणाऱ्यांचा म्होरक्या शेवटी मरतो तो पहिल्या प्रसंगात आपण पाहिलेल्या, टापिरसाठी लावलेल्या त्याच सापळ्यात. म्हणजे नायक वाचतो तो दंडाच्या ताकदीने नव्हे. वडिलांनी दाखवलेले, नाव घेऊन ओळख करून दिलेले जे रान, त्याच्या माहितीने वाचतो. ही माहिती एका पिढीकडून दुसरीकडे बोलण्यातून जाते, भाषेतून जाते. गावातला म्हातारा रात्री शेकोटीजवळ गोष्ट सांगतो, तो प्रसंग म्हणूनच चित्रपटात आहे. या एका बाबतीत गिब्सनची जाण पक्की आहे.

भाषेच्या निवडीचे श्रेयही त्याला द्यायला हवे. त्याच्या आधीच्या २००४ सालच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ या चित्रपटातही त्याने अरामी, हिब्रू आणि लॅटिन वापरली होती. येथे त्याने ओळखीचा एकही तारा घेतला नाही. नट उत्तर अमेरिकेतल्या आणि मेक्सिकोतल्या मूलनिवासी समाजांतून निवडले. त्यांच्यातल्या बहुतेकांची ही मातृभाषा नव्हती. त्यांना संवाद घोकून, उच्चार घटवून म्हणावे लागले. चित्रीकरण मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातल्या जंगलात झाले. प्रेक्षक खाली उमटणारी अक्षरे वाचत बसले, तरी चित्रपट चालला. लोक परक्या भाषेतली गोष्ट पाहत नाहीत ही सबब त्यामुळे लटकी पडली.

आता इतिहासाकडे वळू. येथे मात्र चित्रपटाला धारेवर धरावे लागते. मायांचा इतिहास हा एका साम्राज्याचा इतिहास नाही. आजच्या दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास या प्रदेशांत अनेक नगरराज्ये वेगवेगळ्या काळी भरभराटली आणि ओस पडली. चित्रपटात शहराच्या वेशीजवळ चुन्याची खाण दिसते. पांढऱ्या भुकटीने माखलेले मजूर तेथे खोकत राबतात. ही कल्पना पोकळ नाही. चित्रपटाचे सल्लागार पुरातत्त्वज्ञ रिचर्ड हॅन्सन यांनी ग्वाटेमालातल्या एल मिरादोर या प्राचीन नगराचे उत्खनन केले आहे. देवळांना आणि चौकांना चुन्याचे जाड थर देण्यासाठी चुनखडी भाजावी लागे, त्यासाठी लाकूड लागे, रान तुटे, आणि उघडी पडलेली माती वाहून शेतीच्या पाणथळ जागांत साचे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याकडे ज्यांनी चुन्याची भट्टी पाहिली आहे त्यांना तिची लाकडाची भूक सांगायला नको. पण एल मिरादोर उतरणीला लागले ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात.

तिकालसारखी दक्षिणेची मोठी शहरे ओस पडली ती नवव्या शतकात. तिकालच्या शेवटच्या कोरीव स्तंभावरची तारीख इसवी सन ८६९ ची आहे. मायांच्या दीर्घ गणनेतली शेवटची कोरलेली तारीख तोनिना येथे ९०९ ची मिळते. दीर्घ दुष्काळ, आपसातली युद्धे, जमिनीवर पडलेला भार, राजांवरून उडालेला विश्वास अशी अनेक कारणे अभ्यासक देतात. आणि चित्रपटाच्या शेवटी किनाऱ्याला लागलेली स्पॅनिश गलबते दिसतात ती सोळाव्या शतकातली. दुसरे, नववे आणि सोळावे अशी तीन शतके चित्रपटाने एका आठवड्यात कोंबली आहेत. शिवकाळातल्या कथेत यादवांची देवगिरी धडधडीत नांदताना दाखवावी, तसा हा प्रकार झाला.

नरबळीचे काय? मायांमध्ये नरबळी नव्हते असे म्हणणे खरे होणार नाही. बोनाम्पाक येथील, साधारण ७९० सालची भित्तिचित्रे १९४६ मध्ये उजेडात आली. त्यांत पायऱ्यांवर बसवलेले, बोटांतून रक्त गळणारे कैदी स्पष्ट दिसतात. चिचेन इत्सा येथील पवित्र डोहात माणसांची हाडे सापडली आहेत. बळीला निळा रंग लावण्याची चाल होती. तो रंग नीळ आणि एक प्रकारची पांढरी माती एकत्र तापवून करीत, आणि शतकानुशतके तो उडत नाही. परंतु मायांच्या राजकारणात लढाईत धरलेला शत्रुराजा किंवा सरदार यांच्या बळीला महत्त्व होते. गावेच्या गावे धरून आणून दिवसभर माणसे कापायची आणि धडांनी शेत भरून टाकायचे, असे दृश्य मायांच्या पुरातत्त्वातून उभे राहत नाही. मोठ्या प्रमाणावरच्या बळींशी ज्यांचे नाव जोडले जाते ते अझ्टेक. त्यांची राजधानी तेथून शेकडो मैल पश्चिमेला होती आणि भाषाही निराळी.

दुसरी चूक मला अधिक मोठी वाटते. चित्रपटात रानातले साधे लोक आणि शहरातले क्रूर लोक अशी सरळ फाळणी आहे. रानातल्यांना शहर म्हणजे काय हे जणू ठाऊकच नाही. प्रत्यक्षात मायांचा खेडुत हा शेतकरी होता. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरणारी त्याची शेती आजही चालू आहे. ‘पोपोल वुह’ या किचे मायांच्या पवित्र ग्रंथात माणूस घडवला आहे तोच मक्याच्या पिठातून. हा शेतकरी शहराला धान्य देई, शहराच्या बाजाराला जाई, शहराच्या पंचांगाप्रमाणे पेरणी करी.

आणि ते पंचांग! मायांनी विसाच्या पटीत मोजणारी अंकपद्धती वापरली. आपल्याकडची जुनी माणसे ‘पाच विसा शंभर’ अशी मोजदाद करीत, त्यांना ती परकी वाटली नसती. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह. शून्याची स्वतंत्रपणे कल्पना करणारे जगात फार थोडे समाज होऊन गेले. त्यांतला हा एक. ड्रेस्डेन येथे जपून ठेवलेल्या माया पोथीत शुक्राच्या उदयास्ताचे आणि ग्रहणांचे तक्ते आहेत. चित्रपटातला राजा आणि पुजारी ग्रहण लागताच एकमेकांकडे सूचक पाहतात. त्यांना ते आधीच ठाऊक असावे. म्हणजे मायांच्या ज्योतिर्विद्येचा जो काय उल्लेख होतो तो लोकांना फसवण्याचे साधन म्हणून. ज्यांची स्वतःची पूर्ण लिपी होती, ज्यांनी झाडाच्या सालीच्या कागदावर पोथ्या लिहिल्या, त्यांचा लेखक येथे कोठेच दिसत नाही. भाषा ऐकू येते. त्या भाषेतली विद्या दिसत नाही.

हे एवढे मनाला लावून घ्यायचे कारण काय, चित्रपट तो चित्रपटच, असे कोणी म्हणेल. कारण सांगतो. चित्रपटाच्या आरंभी इतिहासकार विल ड्युरंट यांचे एक वाक्य पडद्यावर येते. मोठी संस्कृती आधी आतून पोखरते आणि मगच बाहेरचा तिला जिंकतो, असा त्याचा आशय. ड्युरंट यांनी ते रोमविषयी लिहिले होते. मायांच्या तोंडावर ते ठेवले की अर्थ असा निघतो: स्पॅनिश येण्याआधी हे लोक संपलेच होते, आणि आपल्या कर्माने संपले होते. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चालले. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. १९९९ साली आलेल्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालात, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते असे नोंदले आहे. त्या गोष्टीला दहा वर्षेही झाली नव्हती, तोच जगभरच्या पडद्यांवर माया म्हणजे माणसे कापणारे लोक हे चित्र गेले. ज्यांच्या घरातली माणसे नुकतीच मारली गेली होती त्यांना ते बोचले असेल तर नवल नाही.

आणि माया संपले नव्हते. मघाशी ज्या तिसऱ्या गोष्टीविषयी म्हणालो, ती येथून सुरू होते. चित्रपट किनाऱ्यावर संपतो. त्याच किनाऱ्यावर १५११ साली एका फुटलेल्या स्पॅनिश जहाजातली माणसे येऊन लागली. त्यांतले काही बळी गेले, काही गुलामीत मेले, दोघे उरले. गोन्सालो गेरेरो याने माया सरदाराची नोकरी पत्करली, माया स्त्रीशी लग्न केले आणि १५१९ मध्ये परत जाण्याची संधी आली तेव्हा नकार दिला. पुढे तो स्पॅनिशांविरुद्ध लढला. दुसरा हेरोनिमो दे आगिलार. तो कोर्तेसला जाऊन मिळाला. आठ वर्षांत स्वतःची स्पॅनिश त्याच्या तोंडी अडखळू लागली होती, अशी नोंद आहे. परप्रांतात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. माया भाषा मात्र तो शिकला होता. पुढे कोर्तेसला मालिन्चे ही स्त्री मिळाली. तिला अझ्टेकांची नाहुआत्ल येई आणि मायाही येई. कोर्तेस स्पॅनिश बोले, आगिलार त्याचे माया करी, मालिन्चे मायाचे नाहुआत्ल करी. मेक्सिकोच्या विजयातल्या पहिल्या वाटाघाटी अशा माया भाषेतून गेल्या. ज्या भाषेला चित्रपट मरणाच्या दारात उभी करतो, ती त्याच वेळी एका खंडाच्या राजकारणाचा पूल बनली होती.

युकातान एका लढाईत पडले नाही. इत्सा मायांचे शेवटचे स्वतंत्र राज्य नोहपेतेन १६९७ साली पडले. तेव्हा आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. मधल्या काळात पोथ्यांवर मोठा घाला आला. १५६२ च्या जुलैत दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने मानी या गावी मूर्ती आणि माया पोथ्या जाळल्या. आज चारच पोथ्या उरल्या आहेत. पण याच लांदाने पुढे युकातानविषयी एक वृत्तांत लिहिला आणि माया लेखकाकडून काही चिन्हे विचारून त्यात उतरवून ठेवली. ती त्याला अक्षरे वाटली. १९५२ साली युरी क्नोरोझोव या सोविएत अभ्यासकाने दाखवून दिले की ती अक्षरे नसून अवयवांची चिन्हे आहेत, ‘क’, ‘का’, ‘कु’ अशी. त्यातून लिपी उलगडण्याचा मार्ग खुला झाला. जाळणाऱ्याच्या हातच्या नोंदीनेच पुढे वाचायला मदत केली.

उलगडा व्हायला मात्र आणखी एक गोष्ट लागली, आणि ती कोणत्याही कपाटात नव्हती. दगडावरचा शब्द कोणत्या उच्चाराचा असेल हे ताडून पाहायला जिवंत माया भाषा हव्या होत्या. त्या होत्या, कारण खेड्यांतल्या माणसांनी त्या सोडल्या नव्हत्या. लिपी गेल्यावर त्यांनी लॅटिन अक्षरे उचलली आणि आपल्याच भाषेत भविष्ये, औषधे, कालगणना, गावाच्या आठवणी लिहून ठेवल्या. चिलाम बालामची पुस्तके म्हणून ती ओळखली जातात. चुमायेल, तिसिमिन, मानी अशा गावांच्या नावांनी त्यांच्या प्रती ओळखतात. पिढ्यान्‌पिढ्या नकला करीत त्यांनी ती राखली.

गोव्यातल्या वाचकाला येथे आपल्या घरचे काही आठवेल. लांदाने पोथ्या जाळल्या त्याच्या दोनच वर्षे आधी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले होते. १६८४ मध्ये पोर्तुगीज हुकूम निघाला की तेथील लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम सुटला, भाषा उरली. आणि मधल्या काळात, १६१६ साली, राशोल येथे फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठी ओव्या, आणि अक्षरे रोमन. लिपी बदलली तरी भाषा चालते. भाषा सोडली तर मात्र लिपी नुसती नक्षी होऊन बसते.

आज मेक्सिकोत पावणेआठ लाखांच्या आसपास लोक युकाटेक माया बोलतात. आपल्या भाषेला ते ‘माया त’आन’ म्हणतात, माया बोलणे. तिच्यावर स्पॅनिशचा भार आहे, शाळेत आणि नोकरीत तिची अडचण होते, मुले शहरात गेली की मागे पडते. हे सारे इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथल्या मराठी घराला परिचयाचे आहे. फरक असा की आपल्यामागे छापलेल्या ग्रंथांची रांग आहे. त्यांच्यामागे चार पोथ्या आणि म्हाताऱ्यांचे बोलणे होते. तेवढ्यावर त्यांनी ती आणली.

म्हणून वाचकहो, हा चित्रपट पाहिलात तर दोन गोष्टी मनाशी ठेवाव्यात. रक्ताच्या पायऱ्या दिसतील तेव्हा आठवावे की त्या पायऱ्या बांधणाऱ्यांनी शून्य लिहिले होते आणि शुक्राचा हिशेब ठेवला होता. आणि खालची इंग्रजी अक्षरे क्षणभर सोडून कान द्यावा. ‘अपोकॅलिप्टो’ हा शब्द ग्रीक आहे. पडदा दूर करणे, उघड करणे असा त्याचा अर्थ. चित्रपटाने जे झाकले ते वर सांगितले. त्याने जे उघड केले ते कानाला ऐकू येते. कथेतला एक माणूस रानात शिरून वाचला. त्याची भाषा बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात राहून वाचली, आणि ती वाचवणाऱ्यांत पळणारे कोणी नव्हते. ते घरीच होते आणि मुलांशी बोलत होते.